गळलं की काढलं

सिग्नलला माझ्या पुढे एखादी मोटरसायकल येऊन उभी राहिली की मी अजूनही तिला मागच्या चाकापासून बघायला सुरुवात करतो. चाक, त्यावरचा मडगार्ड, मग सीट, टाकी, हँडल, पुढचं चाक धरणारे दांडे आणि सगळ्यात शेवटी ते चाक. तेवढ्यात सिग्नल सुटतो, मागचे लोक हॉर्न वाजवतात, शेजारी बसलेली बायको म्हणते, "चलो ना, काय बघताय?" आणि मी गिअर टाकतो. ही सवय मला रामटेके काकांनी लावली. त्यांच्याकडून घेतलेल्या गोष्टींपैकी ही एकच मी नीट सांभाळली. त्यांनी जे खरंच सांभाळायला दिलं होतं ते मात्र सांभाळलं नाही. ते लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण लिहायला बसलं की हात पहिल्यांदा स्वतःच्या बाजूनेच वळतो. आज तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे आर्वीकडचे. सरकारच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. उंच, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात तीन पेन्सिली. पेन्सिलीला टोक नेहमी ब्लेडने करायचे; शार्पनरने टोक होते, धार होत नाही म्हणायचे. बाहेरच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्याशेजारी फौजी गणवेशातल्या त्यांच्या थोरल्या भावाचा फोटो. दिल्लीत पंचवीस वर्षं काढूनही त्यांची बोली आर्वीचीच राहिली होती. आम्ही दिल्लीत जन्मलेली मंडळी हिंदीमिश्रित मराठी बोलायचो तेव्हा ते गमतीने म्हणायचे, "तुमची मराठी ऐकून अर्धा प्रवास झाल्यासारखा वाटते, भोपाळपर्यंत."

मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. नव्वदीची सुरुवात होती. दुकानांत नव्या वस्तू दिसू लागल्या होत्या, आणि मी हप्त्यावर नवी कोरी शंभर सीसीची मोटरसायकल घेतली. पेढे घेऊन वर गेलो. काका खाली आले आणि गाडीच्या समोर उभे न राहता सरळ मागे जाऊन उकिडवे बसले. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत नजर फिरवली. मग उठून हात झटकले आणि म्हणाले, "चांगली आहे. सरकारी नोकरीसारखी आहे. बंद पडणार नाही, अन् कुठं नेणारही नाही."

मला राग आला होता. पण दुसऱ्या रविवारी मीच त्यांच्यामागे लागलो, की मागे बसून तुम्ही नेमकं काय बघितलंत. तिथून आमची शिकवणी सुरू झाली.

त्यांची स्वतःची गाडी जिन्याखाली असायची. फौजेच्या लिलावातली जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल. पुढचा मडगार्ड नाही, मागचा अर्धाच, बाजूची झाकणं नाहीत, आरसे नाहीत, एकाच माणसाची स्प्रिंगची सीट, टाकीवर नाव ना पट्टा, नुसता काळा रंग. क्वार्टर्समधल्या लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला सुटे भाग घ्यायला परवडत नाहीत. खरी गोष्ट अशी होती, की काकांचे थोरले भाऊ, सुदामदादा, फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी एक फोटो पाहिला, आणि लिलावातून ही गाडी उचलून तिच्यावरचं जे जे नसलं तरी चालेल ते ते काढून टाकलं. तेव्हा काका वीस वर्षांचे होते. मागचा मडगार्ड कुठे कापायचा ती रेघ दादांनी काकांना मारायला सांगितली. काकांनी पेन्सिलीने रेघ मारली, दादांनी कापलं आणि कड कानशीने घासून बोट फिरवता येईल अशी गुळगुळीत केली. पुढच्याच वर्षी दादा काविळीने गेले. काका म्हणायचे, "नोकरीत हजारो रेघा मारल्या बाप्पा. पण ज्या रेघेवर कोणी खरंच चाललं, ती हीच."

त्या गाडीला बॉबर म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं. त्या काळात दिल्लीत कुणी गाडीला जरा हात लावला की पोरं तिला सरसकट चॉपर म्हणायची. केबल टीव्हीवर लांब दांड्यांच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, आणि शब्द स्वस्त झाला होता. काकांना त्याचा भयंकर त्रास व्हायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाने चॉपर शब्द चुकीचा वापरला तर ते जिलबी हातात धरून त्याला समजावत बसत. काकू कपाळाला हात लावायच्या.

त्यांची शिकवण मात्र सोपी होती. चॉपरवाला गाडीची मान, म्हणजे दांडे जिथे सांगाड्याला जोडलेले असतात तो भाग, कापतो, दांडे लांब करून पुढे टाकतो; ती गाडी म्हणजे आरामखुर्चीत पाय पसरून बसलेला पेन्शनर. कॅफे रेसरचं हँडल खाली आणि सीटला मागे कुबड. चालवणारा ओणवा, पाठीमागे कुत्रं लागलेल्या पोस्टमनसारखा. स्क्रॅम्बलरचा सायलेन्सर वर उचललेला, धोतर खोचून ओढा ओलांडणारा माणूस जसा. आणि बॉबर म्हणजे लग्नघरातून येऊन, दागिने उतरवून, पदर खोचून कामाला लागलेली बाई. "तिच्या अंगावर दागिना नाही म्हणून तिला गरीब म्हणायचं नाही," ते म्हणायचे. "तिनं उतरवून ठेवले आहेत."

आणि पाहायची रीत एकच. मागून सुरू करायचं, पुढे यायचं, मध्ये काही गाळायचं नाही. "पुढून तर सगळेच चांगले दिसतात. मागं लपवाछपवी करायला कोणाला वेळ नसते." चाकापासून चाकापर्यंत आलं, की शेवटी एक प्रश्न विचारायचा. जे नाही, ते गळलं की काढलं? गळलेलं असेल तर कड खडबडीत असते, बोल्टाचं भोक उघडं असतं, गंज आत शिरलेला असतो. काढलेलं असेल तर कड घासलेली असते आणि भोक बुजवलेलं असतं. भंगार आणि बॉबर यांत फरक तेवढाच. हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठल्याही गाडीबद्दल मत द्यायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

रविवारी आम्ही करोल बागेतल्या मोटरसायकल मेकॅनिकांच्या गल्लीत जायचो. माझ्या नोकरीसारख्या गाडीवर, ते मागे. त्यांच्या गाडीवर मागे बसायची सोयच नव्हती. काकू म्हणायच्या, "या माणसानं माझ्यासाठी जागाच ठेवली नाही," आणि मग दोघं नवराबायको बसने जायची. गाडीवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत. तेवढा एक कंजूषपणा त्यांच्यात होता.

एकदा त्या गल्लीत पंजाबी बागेतला एक उमदा तरुण नवी करवून घेतलेली चॉपर न्यायला आला होता. दुकानदार सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कौतुक करत होता. काका सवयीप्रमाणे मागे जाऊन बसले, हळूहळू पुढे आले, आणि मान कापलेलीच नाही, नुसते लांब दांडे बसवलेत, वळताना गाडी साथ देणार नाही, असं त्यांनी त्या मुलाला हिंदीत अदबीने सांगितलं. दुकानदार म्हणाला, "अंकल जी, आप नक्शे बनाओ, गाड़ी हमें बनाने दो." सगळे हसले. मीही थोडा हसलो, हे आठवतं. तो मुलगा गाडी घेऊन निघाला, आणि गल्लीच्या तोंडाशी वळताना ती आडवी झाली. सगळ्यात आधी काका धावले. मुलाचा पाय गाडीखालून काढला, त्याला पाणी दिलं, आणि दुकानदाराकडे एकदाही वळून पाहिलं नाही. परत येताना मी म्हटलं, "काका, सुनावायला हवं होतं त्याला." ते म्हणाले, "त्याला माहीत होतं रे. ज्याला माहीत असते त्याला काय सांगायचं?"

हे वाक्य पुढे माझ्याच अंगावर येणार होतं.

त्यानंतर काही वर्षांनी गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तिथल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये बदललेल्या मोटरसायकलींचं प्रदर्शन भरलं. आम्ही गेलो. प्रत्येक गाडीपुढे नावाची पाटी, चॉपर, बॉबर, सगळं इंग्रजीत छापलेलं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेली मुलं फोटो काढत होती. बहुतेक पाट्या चुकीच्या होत्या. बॉबर लिहिलेल्या गाड्यांचे मडगार्ड दुकानातून कापूनच विकत आणलेले होते. काका प्रत्येकाशी गोड बोलले. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नसतात, एवढं त्यांना कळत होतं. कोपऱ्यात मात्र एक गाडी पाटीशिवाय उभी होती. पानिपतच्या एका चादरी विणणाऱ्या घरातला मुलगा ती घेऊन आला होता, आणि त्याच्याजवळ कुणीच थांबत नव्हतं. काका मागे बसले. रुमालाने मडगार्डची कड पुसली आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"ये किसने काटा, बेटा?"

"पापा ने. अब नहीं हैं."

काका उठले, त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, खिशातली एक पेन्सिल काढली आणि एका कागदावर मोठ्या, सुरेख अक्षरांत बॉबर असं लिहून तो कागद गाडीच्या टाकीवर ठेवला. खात्यातल्या नकाशांवर करतात तशी खाली कोपऱ्यात बारीक सही केली. परतताना बसमध्ये काकांनी पेन्सिल पुन्हा खिशात नीट लावली. मग हसून म्हणाले, "पानिपताकडून आपल्याला काही चांगलं मिळालं, असं पहिल्यांदाच झालं." पण त्यांचे डोळे ओले होते, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

एव्हाना आम्ही दोघंही मयूर विहारला आलो होतो. आमच्या खात्यांतल्या मराठी कर्मचाऱ्यांनी मिळून केलेली हाउसिंग सोसायटी, त्यात पुढे विक्री होत होत पंजाबी, बंगाली सगळे आले. ते दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. खालच्या खांबांमध्ये पार्किंग. सोसायटी बांधली तेव्हा पन्नास घरांत पाच-सहा गाड्या होत्या, त्यामुळे कुणी जागांचा विचारच केला नव्हता. काकांची गाडी लिफ्टजवळच्या खांबाशी उभी असायची. रविवारी दहा वाजता, पोहे खाऊन, ते खाली यायचे, कापडाने गाडी पुसायचे, दोन किकमध्ये सुरू करायचे आणि यमुनेच्या पुलापर्यंत जाऊन यायचे. पुढे गुडघे कुरकुरायला लागल्यावर पुलापर्यंत जाणं थांबलं. तरी किक मारून पाच मिनिटं ती चालू ठेवणं थांबलं नाही.

मग बँका घरी येऊन कर्ज देऊ लागल्या आणि आमच्याकडे गाड्यांचा पूर आला. मी त्या वर्षी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मलाही चंदेरी रंगाची गाडी घ्यायची होती. आईचे गुडघे पार गेले होते. गेटपासून लिफ्टपर्यंत चालताना ती तीनदा थांबायची. लिफ्टजवळची जागा मिळाली तर बरं होईल, असं बायको रोज म्हणायची. खोटं नव्हतं ते. पण आईचे गुडघे मी पुढे पुष्कळ वापरले, म्हणून सांगतो, की त्यांच्यापेक्षा मला ती जागा माझ्या नव्या गाडीसाठी हवी होती. सगळ्यांना जाता-येता दिसेल अशी ती जागा होती.

निवृत्तीनंतर काका-काकू अडीच महिन्यांसाठी नागपूरला मुलीकडे गेले. मुलीचं बाळंतपण होतं, आणि काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. तो तिथेच काढायचा होता. जाताना काका वर आले. गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. ज्या माणसाने बायकोलाही कधी त्या गाडीवर बसवलं नव्हतं, त्याने.

"रविवारी एक किक मार फक्त. चालवायची असेल तर चालव. तुला समजते ती."

पहिल्या रविवारी मी किक मारली. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी विसरलो. मग गाडीवर धूळ बसली, मागच्या चाकातली हवा गेली, आणि तिच्याकडे पाहिलं की मला अपराधी वाटायला लागलं. अपराधी वाटतं म्हणून मी तिच्याकडे पाहणं बंद केलं. माणूस किती सहज उतरणीला लागतो.

त्याच महिन्यात सोसायटीच्या सभेत ठरलं, की पार्किंगमध्ये पडून असलेल्या, मोडक्या गाड्या मायापुरीच्या भंगारवाल्याला देऊन टाकायच्या. पंधरा दिवस नोटीस लावायची. यादी सेक्रेटरीने करायची. आम्ही दोन-तीन जण कागद घेऊन खाली फिरलो. एक स्कूटर, एक फियाट, एक सायकलरिक्षा. लिफ्टजवळच्या खांबाशी तळमजल्यावरचे खन्नाजी थांबले.

"ये किसका कबाड़ है?"

"रामटेके जी का," मी म्हणालो. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "अब चलाते नहीं."

एवढंच बोललो. ती बॉबर आहे, हे त्या इमारतीत सांगू शकणारा मी एकटा होतो. मी सांगितलं नाही. घरी येऊन इतर तीन गाड्यांची नोंद खन्नाजींनी सांगितली तशी टाइप केली, चौथी माझी मी लिहिली. मागचा मडगार्ड तुटलेला, असं मी लिहिलं. तुटलेला. ती कड मी शंभर वेळा बोटाने चाचपली होती. शेवटच्या रकान्यात लिहिलं, मालक बाहेरगावी, शेजाऱ्यांमार्फत हरकत नसल्याचे कळवले. ते शेजारी म्हणजे मीच. नागपूरचा फोन नंबर आमच्या फोनशेजारच्या डायरीत पहिल्याच पानावर होता. मी फोन केला नाही, कारण ते नाही म्हणणार हे मला माहीत होतं. त्यांचं वय झालं आहे, या डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी ते कुठे चालवणार, एक प्रकारे त्यांची काळजीच मिटेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पंधरा दिवस नोटीस फलकावर होती. सोळाव्या दिवशी टेम्पो आला. मी तेव्हा ऑफिसात होतो. मुद्दाम.

काका परत आले तेव्हा मी त्यांना आणायला स्टेशनवर गेलो. डोळ्यांवर हिरवा काळसर चष्मा, प्रसन्न चेहरा. नातवाचं कौतुक सांगत होते. नव्या डोळ्याने निळा रंग किती निळा दिसतो याचं त्यांना नवल वाटत होतं. मी गाडी गेटातून आत घेतली, आणि ती लिफ्टजवळच्या खांबाशी लावण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं, कारण ती जागा आता माझ्या नावावर होती. काका उतरले. खांबाकडे पाहिलं, जमिनीवरच्या तेलाच्या जुन्या डागाकडे पाहिलं. डाग माझ्या गाडीखाली अर्धा झाकला गेला होता.

"कमिटीनं सगळ्या जुन्या गाड्या दिल्या, काका," मी म्हणालो. "मी म्हटलं होतं त्यांना, पण..."

पण काहीच नव्हतं, म्हणून वाक्य तिथेच राहिलं. काका "अच्छा" म्हणाले. आर्वीचा तो माणूस पहिल्यांदाच माझ्याशी दिल्लीच्या शब्दात बोलला. संध्याकाळी मी चावी परत द्यायला गेलो. दार काकूंनी उघडलं. चावी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यांनी तुला दिली होती ना रे?" मी हो म्हणालो. त्यांनी आत ये म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायापुरीला गेलो. काका माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसले. भंगारवाला भला माणूस होता. ती गाडी आल्या दिवशीच कापली, असं त्याने खरं ते सांगितलं आणि ढीग दाखवला. दोन तास काका त्या लोखंडात वाकून शोधत होते. मी काही उचलायला गेलो की म्हणायचे, "ते नाही." शेवटी त्यांनी एक पत्र्याचा तुकडा ओढून काढला, चष्मा वर केला नाही, नुसतं कडेवरून बोट फिरवलं, आणि सापडला म्हणाले. तो मागचा मडगार्ड होता. बाकी काही मिळालं नाही. भंगारवाल्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

सोसायटीत परत आलो. लिफ्टची वाट पाहत उभे होतो. फलकाच्या काचेत यादी अजून लावलेली होती. ती काढायचीही मला आठवण राहिली नव्हती. काका फलकाजवळ गेले. नवा डोळा कागदाजवळ नेऊन त्यांनी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. स्कूटर, इंजिन जाम. फियाट, काचा नाहीत, चाकं नाहीत. रिक्षा. मग चौथी नोंद आली आणि ते थांबले. यादी टाइप केलेली होती. खाली कुणाचं नाव नव्हतं, नुसतं व्यवस्थापन समिती. हस्ताक्षर नाही, सही नाही. मला वाटत होतं, मी सुरक्षित आहे.

ती नोंद काकांनी इंग्रजीतून मराठीत करत, हळू आवाजात, बोटाने एकेक शब्द दाखवत वाचली. मागचं चाक, हवा नाही. मागचा मडगार्ड, तुटलेला. सीट एकाच माणसाची. बाजूची झाकणं नाहीत. टाकीवर नाव नाही. हँडलला आरसे नाहीत. पुढचे दांडे ठीक. पुढचा मडगार्ड नाही. पुढचं चाक ठीक.

मलाही ते त्याच वेळी कळलं. जगात कुठलाही भंगारवाला, कुठलाही खन्ना, मोटरसायकलीची नोंद मागच्या चाकापासून सुरू करून, एकही पायरी न गाळता पुढच्या चाकापर्यंत आणत नाही. तशी नोंद करणारी फक्त दोन माणसं होती, आणि त्यातला एक नागपुरात डोळ्याला पट्टी बांधून पडला होता.

"ज्यानं लिहिलं तो मागून आला आहे," काका म्हणाले. "बरोबर आला आहे. काही सोडलं नाही."

लिफ्ट आली. त्यांनी वर्तमानपत्रातला मडगार्ड या हातातून त्या हातात घेतला.

"शेवटचं एक विचारायचं फक्त राहून गेलं त्याचं."

आणि ते जिन्याने वर गेले. दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पायरी. मी लिफ्टचं दार धरून उभा होतो. मागे धावत जाऊन पाय धरायला हवे होते. वर जाऊन दार ठोठावायला हवं होतं. मी फलकाची काच उघडली, यादी काढली, घडी करून खिशात ठेवली. तेवढंच केलं.

वर्षभराने त्यांनी फ्लॅट विकला आणि नागपूरला कायमचे जायला निघाले. त्या वर्षभरात ते माझ्याशी बोलत नव्हते असं नाही. भेटले की बोलायचे. आईची चौकशी करायचे. माझ्या मुलीला त्यांनी भूमितीचे कोन शिकवले. मोटरसायकलचा विषय मात्र कधी निघाला नाही, आणि माझ्या समोर रस्त्यावरून कितीही चांगली गाडी गेली तरी ते तिच्याकडे पाहायचे नाहीत.

निघायच्या दिवशी टॅक्सी गेटाशी उभी होती. सामान मी भरलं. मडगार्ड जुन्या साडीत बांधून काकूंनी स्वतःच्या मांडीवर घेतला होता. अखेर त्या गाडीचा एक तुकडा तरी त्यांच्या वाट्याला आला होता. काका माझ्या मुलीसाठी दोन पेन्सिली द्यायला थांबले. टोक ब्लेडनेच कर म्हणून सांग, म्हणाले. मी वर्षभर मनात घोळवलेलं वाक्य कसंबसं सुरू केलं.

"काका, ती यादी..."

"राहू दे आता. गाडी चुकेल."

त्यांनी माझा हात हातात घेतला, हसले, आईला गुडघ्याला तिळाचं तेल लावायला सांगितलं. मग वळून टॅक्सीकडे निघाले, आणि मी त्यांना मागून पाहिलं. झिजलेल्या टाचा. पाठीवर इस्त्रीची उभी घडी. मानेवरचे पांढरे केस. टॅक्सी सुटली. मी वाट पाहत राहिलो, पण मागच्या काचेतून त्यांनी वळून पाहिलं नाही.

नागपूरहून त्यांचा फोन कधी आला नाही. सुरुवातीला मी स्वतःची समजूत घालायचो, अंतर पडतं, माणसं दूर जातात, चालायचंच. पण तो निरोप मी अजूनही मनात घेऊन त्याच्यावरून बोट फिरवतो. त्यांनी आवाज चढवला नव्हता, टोमणा मारला नव्हता, पेन्सिली दिल्या, तेल सांगितलं. कुठेही बोटाला टोचत नाही. कड घासलेली आहे, भोक बुजवलेलं आहे. त्यांच्या आयुष्यातून मी गळलो नाही. त्यांनी मला काढलं.